सामोआतील ताताऊ : वाचायचे गोंदण की नेसायचे?

१७२२ साली याकोब रोगेव्हेन या डच दर्यावर्दीची जहाजे दक्षिण पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांजवळून गेली. त्या सफरीच्या वृत्तांतात तेथील पुरुषांविषयी एक चमत्कारिक निरीक्षण आढळते : या लोकांनी कमरेखाली रेशमासारख्या नाजूक विणीची, अंगाला घट्ट बसणारी वस्त्रे घातली आहेत. प्रत्यक्षात ती वस्त्रे नव्हती, गोंदण होते. १७८७ मध्ये ला पेरूझ या फ्रेंच नाविकाचा ताफा तुतुइला बेटाला लागला तेव्हा हा उलगडा झालेला होता. तरीही हे पुरुष जवळजवळ विवस्त्र असून वस्त्र नेसल्यासारखे दिसतात, अशी नोंद त्यालाही करावीशी वाटली. युरोपीय दृष्टिदोषाचा नमुना म्हणून डचांची ही चूक वारंवार सांगितली जाते. प्रस्तुत लेखात मात्र तिच्याकडे थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. सामोअन भाषेत ज्या पुरुषाच्या अंगावर गोंदण नाही त्याला ‘उघडा’ म्हणण्याची रीत आहे, मग तो अंगभर कपडे ल्यालेला का असेना. आपल्याकडे बांगड्यांवाचून हात ओका दिसतो. तेथे गोंदणावाचून देह ओका दिसतो. म्हणजे जहाजाच्या डेकवरून दुर्बीण रोखून पाहणाऱ्या त्या खलाशांनी जे पाहिले, ते सामोअन माणसाच्या स्वतःविषयीच्या समजुतीपासून फारसे दूर नव्हते. गोंदण हे तेथे अंगावरचे लेखन नव्हे, ते नेसू आहे.

हा भेद किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने तो कळीचा आहे, कारण गेल्या तीन-चार दशकांत ‘देह ही संहिता आहे’ हे रूपक आपल्या विचारव्यवहारात इतके रुळले आहे की ते रूपक आहे याचाच विसर पडतो. गोंदलेला देह दिसला की आपण तो वाचू लागतो. त्यामागे पाश्चात्त्य साहित्याची एक जुनी सवयही आहे. हर्मन मेल्व्हिलच्या ‘टायपी’ (१८४६) या पहिल्या कादंबरीतील निवेदक मार्केसस बेटांवर अडकलेला असताना सर्वाधिक भितो तो आपला चेहरा गोंदला जाईल या कल्पनेला. तसे झाले तर परतीची वाट कायमची बंद होईल, असे त्याला वाटते. पुढे ‘मोबी डिक’मध्ये (१८५१) क्वीक्वेग हा पॉलिनेशियन भालेकरी येतो. त्याच्या बेटावरील एका द्रष्ट्याने विश्वाचे संपूर्ण ज्ञान त्याच्या कातडीवर गोंदून ठेवले आहे, आणि तो ग्रंथ क्वीक्वेगला स्वतःलाच वाचता येत नाही. हे रूपक विलक्षण आहे, पण ते ग्रंथनिष्ठ संस्कृतीचे आहे. देह म्हणजे पुस्तक, गोंदण म्हणजे लिपी, आणि ती लिपी लागत नाही म्हणून सगळे गूढ. काफ्काच्या ‘दंडवसाहतीत’ या कथेतील यंत्र तर कैद्याच्या पाठीवर कायद्याचे कलमच कोरते. या परंपरेत वाढलेला वाचक सामोआतील गोंदणाकडे वळतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. वर्गात हा विषय निघाला की दरवेळी तोच प्रश्न पुढे येतो : या आकृतीचा अर्थ काय? तो प्रश्न सर्वस्वी गैरलागू नाही. परंतु त्याने सुरुवात केली तर हाती फार थोडे लागते, असे माझे मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती. गिरमिटाच्या इतिहासामुळे भारतीय वाचकाला फिजी परिचित आहे. त्या फिजीच्या ईशान्येला सामोआ द्वीपसमूह आहे. सवाई आणि उपोलू ही दोन मोठी बेटे व त्यांच्या आसपासची लहान बेटे मिळून आजचे स्वतंत्र सामोआ राष्ट्र बनते. १९०० पासून ते जर्मन वसाहत होते, १९१४ नंतर न्यूझीलंडच्या अमलाखाली होते, आणि १ जानेवारी १९६२ रोजी ते स्वतंत्र झाले. पूर्वेकडील तुतुइला आदी बेटे अमेरिकेकडे आहेत. राजकीय सीमा दोन, पण भाषा आणि गोंदणाची परंपरा एकच.

या परंपरेला ‘ताताऊ’ म्हणतात. पुरुषाचे गोंदण ‘पेआ’. त्याचे आदरार्थी नाव ‘मालोफिए’. सामोअनमध्ये बोलण्याचा एक आदरस्तर आहे आणि मानाच्या गोष्टींना त्या स्तरावर निराळे शब्द वापरतात. पेआ पाठीच्या खालच्या भागापासून सुरू होते, कंबर, नितंब आणि मांड्या व्यापून गुडघ्याशी थांबते. त्यात काळ्या रंगाने भरलेले मोठे पट्टे असतात आणि त्यांच्यामधून न गोंदलेल्या कातडीच्या बारीक रेघा सुटलेल्या असतात. स्त्रीचे गोंदण ‘मालू’. ते मांड्यांवर, गुडघ्याच्या किंचित खालपर्यंत असते. त्यात भरीव पट्टे नसतात, सुट्या नाजूक आकृती विरळ पेरलेल्या असतात. गुडघ्यामागच्या लवणीत चौकटीच्या आकाराची जी आकृती येते तिलाही मालू असेच म्हणतात, आणि तिच्यावरून संपूर्ण गोंदणाला ते नाव मिळाले आहे. मालू या शब्दाचा अर्थ आश्रय, निवारा, रक्षण. मालू एरवी झाकलेले असते; समारंभात नृत्य करताना वस्त्र किंचित उचलले जाते तेवढेच ते दिसते. जे वाचले जावे म्हणून लिहिलेले असते ते असे आयुष्यभर पदराआड ठेवले जात नाही, एवढे तरी येथे ध्यानात घ्यावे.

गोंदणाऱ्या कारागिराला ‘तुफुंगा’ म्हणतात. हाच शब्द घर बांधणाऱ्या आणि नाव बांधणाऱ्या कुशल कारागिरालाही लागतो. गोंदणाचा अधिकार परंपरेने सुआ आणि तुलौएना या दोन घराण्यांकडे आहे. हत्यार म्हणजे एक फणी : रानडुकराच्या सुळ्याच्या पातळ पट्टीला दाते पाडून ती कासवाच्या कवचाच्या तुकड्याला बांधतात आणि तो तुकडा लाकडी दांड्याला. बारीक रेघांसाठी अरुंद, भरीव भागासाठी रुंद अशा वेगवेगळ्या फण्या असतात. अलीकडे निर्जंतुकीकरणासाठी धातू आणि प्लास्टिक यांचा वापर होऊ लागला आहे, पण रचना तीच राहिली आहे. रंग म्हणजे रानअक्रोडाच्या बिया जाळून धरलेली काजळी. तुफुंगा डाव्या हाताने फणी कातडीवर धरतो आणि उजव्या हातातील टिपरीने दांड्यावर ठोके देतो. दोन्ही बाजूंना बसलेले साहाय्यक कातडी ताणून धरतात आणि रक्त पुसत राहतात. रूढी अशी की गोंदवून घेणारा एकटा नसावा. जोडीला दुसरा कोणी त्याच वेळी गोंदवून घेतो, आणि त्या दोघांचे नाते पुढे आयुष्यभर मानले जाते. नातलग भोवती बसतात, गातात, वारा घालतात. काम अनेक बैठकांत, कित्येक दिवस चालते. मोबदला म्हणून पैसा आता असतोच, परंतु मानाची देणगी म्हणजे पांदानाच्या पानांच्या तंतूंपासून विणलेल्या तलम चटया. अशी एक चटई विणायला बायकांना महिनोन्‌महिने, कधी वर्षेही लागतात. पुरुषाच्या कातडीवरील नक्षीची भरपाई स्त्रियांच्या विणकामाने व्हावी, ही देवघेव मला पेआच्या कोणत्याही एका आकृतीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

काम पूर्ण झाले की समारोपाचा विधी होतो. गोंदलेल्याच्या अंगाला खोबरेल आणि हळद लावतात. ‘काम पूर्ण झाले’ हे शब्द येथे औपचारिक नाहीत. पेआची शेवटची खूण बेंबीपाशी येते. ती झाली तरच पेआ झाली. कोणी वेदना असह्य होऊन मध्येच उठला, तर त्याच्या अंगावर जे उरते त्याला ‘पेआ मुतू’, म्हणजे तुटलेली पेआ म्हणतात, आणि ती लाज त्याच्या एकट्याची राहत नाही, घराण्याची होते. गोंदण मुळीच नसलेला माणूस नुसता उघडा. अपुरे गोंदण असलेला माणूस त्याहून खाली. चिन्हमीमांसेच्या अंगाने विचार केला तर हे विचित्र आहे. अर्धे वाक्यसुद्धा काही अर्थ देते. फाटक्या पोथीलाही आपण जपतो. पण अर्धे नेसलेले वस्त्र हे वस्त्र नसते.

आता आकृतींकडे वळू. त्यांना नावे आहेत : पाठीवरची नाव, घराच्या छपराच्या वाशांवरून नाव पडलेल्या समांतर रेघा, घोण, अळी, जेलीफिश, पाणपक्षी, तारा. घर आणि नाव यांची ठळक उपस्थिती कोणाच्याही नजरेत भरेल. गोंदलेला पुरुष जणू आपले घर आणि आपली होडी कमरेला बांधून हिंडतो, असे वर्णन करण्याचा मोह होतो, आणि ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. परंतु ही नावे म्हणजे शब्द आणि पेआ म्हणजे त्यांचे वाक्य, असे समीकरण मांडता येत नाही. घोणीच्या आकृतीचा अर्थ ‘घोण’ एवढाच. ती शौर्याचे प्रतीक, तारा दिशेचे प्रतीक, अशा ज्या याद्या पर्यटकांच्या पुस्तिकांत छापलेल्या असतात त्या बहुतांशी बाहेरच्यांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत. आपल्या पैठणीच्या पदरावरील मोराचा अर्थ काय, असे कोणी विचारले तर विणकर जे उत्तर देईल त्याच जातीची ती असतात. पेआचा आराखडा ठरलेला आहे. व्यक्तीनुसार तपशील बदलतात, कारागिराचा हात ओळखू येतो, पण गोंदवून घेणारा ‘माझ्या आयुष्याची कथा माझ्या अंगावर लिहा’ असे म्हणत नाही. आधुनिक पाश्चात्त्य गोंदणात जी आत्मचरित्रात्मकता असते ती येथे नाही.

मग अर्थ कोठे आहे? भाषेपासून सुरुवात करू. इंग्रजीतील ‘टॅटू’ हा शब्द पॉलिनेशियन भाषांतून गेलेला आहे. १७६९ मध्ये कॅप्टन कुक व जोसेफ बँक्स यांनी ताहितीतील मुक्कामात तो आपल्या रोजनिशींत नोंदवला. (सैन्यातील नगाऱ्याच्या इशाऱ्याला इंग्रजीत जो ‘टॅटू’ म्हणतात तो वेगळा, डचांकडून आलेला. दोन्हींत ठोके आहेत हा योगायोग.) सामोअनमध्ये ‘ता’ म्हणजे आघात करणे, ठोकणे. परंतु रोजच्या बोलण्यात ‘ताताऊ’ या उच्चाराचा आणखी एक अर्थ आहे : योग्य, समतोल, आवश्यक. ‘मला गेले पाहिजे’ या वाक्यातील ‘पाहिजे’ सामोअनमध्ये ‘ताताऊ’ या शब्दानेच व्यक्त होते. हे दोन शब्द व्युत्पत्तीने एक असोत वा नसोत, भाषेत ते शेजारी राहतात आणि बोलणाऱ्याला ते शेजारपण ठाऊक असते. गोंदण आणि कर्तव्य यांना एकच ध्वनी असणाऱ्या भाषेत गोंदणाला ‘अलंकार’ म्हणून मोकळे होता येत नाही.

हे कर्तव्य कोणाप्रति? सामोअन समाजाचा कणा म्हणजे विस्तारित कुटुंब आणि त्याचा पदवीधारी प्रमुख, ‘मताई’. पदवी नसलेल्या तरुणांनी करावयाच्या सेवेला ‘ताउतुआ’ म्हणतात : शेती, मासेमारी, स्वयंपाक, समारंभात कावा हे पेय वाटणे. अधिकाराची वाट सेवेतून जाते, असे तेथील एक सुभाषितच आहे. पेआ ही त्या सेवेची वर्दी होय. तिने माणूस मोठा होत नाही. मोठ्यांच्या सेवेला उभा राहण्यास लायक होतो. म्हणून पेआ असलेल्या तरुणाकडून अधिक काम, अधिक नम्रता अपेक्षित असते. याच्या जोडीला ‘वा’ ही संकल्पना घ्यावी लागते. (मराठीतील विकल्पदर्शक ‘वा’शी हिचा संबंध नाही, पण ध्वनिसाम्याने ती लक्षात राहील.) वा म्हणजे दोघांमधले अंतर, मात्र ते रिकामे अंतर नव्हे. दोन माणसे, दोन घराणी, माणूस आणि भूमी यांना वेगळे ठेवणारी आणि त्याच वेळी जोडून धरणारी ती जागा आहे. ही जागा नीट राखणे, सजवणे, हा सामोअन नीतिविचाराचा गाभा आहे. पेआकडे पुन्हा पाहिले तर काळ्या पट्ट्यांमधल्या न गोंदलेल्या रेघा डोळ्यांत भरतात. त्या रेघांना सामोअन लोक ‘वा’ म्हणतात असा माझा दावा नाही. परंतु नक्षी उभी राहते ती त्या मोकळ्या सोडलेल्या कातडीमुळे, हे कोणीही पाहून घ्यावे.

आल्फ्रेड गेल या मानववंशशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पॉलिनेशियन गोंदणावरील ग्रंथात गोंदण हे वेष्टन आहे, दुसरी त्वचा आहे, असा सिद्धान्त मांडला. तो येथे उपकारक आहे, कारण त्याने वाचनाकडून पांघरण्याकडे लक्ष वळवले. मात्र गेल यांचा आधार मुख्यतः प्रवाशांची व मिशनऱ्यांची जुनी वृत्ते हा होता. कार्यशाळेतील रक्त, गाणी आणि चटया त्यांच्या विवेचनात दूरच्या वाटतात. ती उणीव शॉन मॅलन आणि सेबास्तियाँ गालियो यांच्या २०१८ च्या इतिहासग्रंथाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे.

गोंदणाच्या उगमाची कथा साहित्याभ्यासकाला विशेष रुचेल, कारण ती मौखिक संक्रमणात झालेल्या चुकीची कथा आहे. ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी गोंदणाची हत्यारे आणि एक गीत घेऊन फिजीहून पोहत निघाल्या. स्त्रियांना गोंदावे, पुरुषांना नव्हे, असा त्या गीताचा आशय होता. सवाई बेटाच्या पश्चिम टोकाला, फालेआलुपोजवळ, त्यांना समुद्रतळाशी एक शिंपला दिसला. तो घेण्यासाठी त्यांनी बुडी मारली. वर आल्या तेव्हा गीत उलटले होते : पुरुषांना गोंदावे, स्त्रियांना नव्हे. गंमत अशी की फिजीमध्ये गोंदण खरोखरच स्त्रियांचे होते आणि सामोआमध्ये मोठे गोंदण पुरुषांचे आहे. दोन शेजारी समाजांतील भेदाचे स्पष्टीकरण म्हणून ही कथा चोख आहे. परंतु ती तेवढ्यावर थांबत नाही. परंपरेने विस्मरणावर आपला पाया घातला आणि ते विस्मरण न लपवता गीतात जपून ठेवले, हे मला अधिक मोलाचे वाटते. शिवाय उलटलेल्या गीतातही मालू उरलेच; स्त्रिया गोंदवून घेतच राहिल्या. पेआच्या वेदनेची तुलना बाळंतपणाच्या वेदनेशी करण्याची प्रथा आहे. पुरुषाला वेदनेचा जो अधिकार निसर्गाने दिला नाही तो तो ताताऊने मिळवतो, अशी ही धारणा. तिच्यात स्त्रीचा गौरव आहे, आणि मालूला दुय्यम ठरवण्याची सोयही आहे.

१८३० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स सवाई बेटावर उतरले. सोसायटीच्या प्रचारकांनी गोंदणाला विरोध केला. नंतर आलेल्या कॅथलिक मिशनऱ्यांनी तुलनेने सहिष्णुता दाखवली. ताहिती आणि हवाई येथे गोंदण जवळजवळ नष्ट झाले, सामोआत ते खंडित झाले नाही. कारण तेथे ते धर्माचे नव्हे तर कुटुंबव्यवस्थेचे अंग होते, आणि कुटुंबव्यवस्था ख्रिस्ती झाल्यावरही टिकली.

विसाव्या शतकात कॅमेरा आला. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी सवाई बेटावरील साफुने गावी राहून ‘मोआना’ (१९२६) हा मूकपट केला. त्याचा कळसाध्याय म्हणजे नायकाचे गोंदण, आणि ते चित्रीकरणासाठी मोबदला देऊन घडवून आणलेले होते. याच चित्रपटाच्या परीक्षणात जॉन ग्रिअर्सन यांनी ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला आणि तो पुढे रूढ झाला. सत्यदर्शनाच्या एका संपूर्ण कलाप्रकाराला नाव मिळाले ते ज्या चित्रपटामुळे, त्यातील सर्वांत खरे रक्त कॅमेऱ्यासाठी सांडलेले होते. पण त्या तरुणाच्या अंगावरची पेआ त्यामुळे खोटी ठरत नाही. चित्रीकरण संपल्यावरही त्याला ती आयुष्यभर नेसायची होती.

सामोअन लेखकांनी स्वतः हा विषय हाती घेतला तो स्वातंत्र्यानंतर. आल्बर्ट वेन्ट (जन्म १९३९) यांच्या १९७४ च्या कथासंग्रहात काजळीच्या क्रूसाची एक कथा आहे : तुरुंगातील एक कैदी लहान मुलाच्या हातावर तारा गोंदू लागतो, काम अर्ध्यात राहते, आणि ताऱ्याऐवजी क्रूस उरतो. दोन ओळींत सांगता येणारी ही घटना वसाहतीच्या इतिहासाचे केवढे तरी ओझे पेलते, पण पेआ मुतूची लाज ठाऊक असल्याशिवाय तिची खोली उमगत नाही. संग्रहाच्या शीर्षकातील वटवाघूळही लक्षात घ्यावे. मोठ्या फलाहारी वटवाघळाला सामोअनमध्ये ‘पेआ’च म्हणतात, पंख मिटून लटकलेल्या त्या प्राण्याच्या काळ्या वेष्टनाचे गोंदणाशी असलेले साम्य सर्वांना दिसते. पुढे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तरवसाहतिक देहावरील निबंधात वेन्ट यांनी ताताऊचे साहित्यशास्त्रच मांडले. रक्तासाठी सामोअनमध्ये असलेल्या शब्दांपैकी काहींचा अर्थ माती आणि चिखल असाही होतो, याकडे ते लक्ष वेधतात. म्हणजे गोंदताना सांडणारे रक्त हे भूमीचेच असते. लेखनासाठी सामोअन शब्द आहे ‘तुसी’. सालीच्या कापडावर नक्षी काढण्यालाही तोच शब्द. स्टीव्हन्सन उपोलू बेटावर येऊन राहिला, १८९४ मध्ये तेथेच वारला. त्याला लोकांनी दिलेले ‘तुसिताला’ हे नाव याच शब्दापासून बनले आहे. वेन्ट यांच्या मांडणीत इंग्रजीत लिहिणे म्हणजे परक्या कातडीवर सामोअन नक्षी ठोकणे होय. येथे कोणी म्हणेल की मग लेखन आणि गोंदण यांचे समीकरण सामोअन लेखकालाही मान्य आहे, आणि प्रस्तुत लेखातील आक्षेप निराधार ठरतो. मला तसे वाटत नाही. मेल्व्हिल गोंदणाला पुस्तकाच्या साच्यात बसवतो. वेन्ट पुस्तकाला गोंदणाच्या साच्यात बसवतात. पुस्तकही मग वाचून बाजूला ठेवण्याची वस्तू राहत नाही. ते पूर्ण केलेच पाहिजे आणि अंगावर वागवलेच पाहिजे, असे ओझे बनते.

सिया फिगेल यांच्या १९९९ च्या ‘दे हू डू नॉट ग्रीव्ह’ या कादंबरीत या ओझ्याची स्त्रीबाजू येते. आजीच्या पिढीत मालू अपुरे राहिले; त्याची लाज न बोलता, न रडता नातींपर्यंत पोहोचते, आणि त्यांतील एका नातीचे नावच मालू आहे. जिच्या नावाचा अर्थ निवारा तिला निवारा मिळत नाही. फिगेल यांनी जुळ्या बहिणींची कथा येथे आतून उलगडली आहे. गीत उलटले ती केवळ गंमत नव्हती, त्या उलटण्याची किंमत बायकांनी मोजली, असे कादंबरी सुचवते. तुसिआता आव्हिया या न्यूझीलंडमधील सामोअन वंशाच्या कवयित्रीच्या २००४ च्या पहिल्या संग्रहातही मांड्यांवरचे गोंदण येते, पण तेथे त्याचा स्वर आश्रयाचा नाही, आव्हानाचा आहे.

न्यूझीलंडचा उल्लेख आला, तो अपरिहार्य होता. १९५० नंतर कामधंद्यासाठी सामोअन कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने गेली. २०१८ च्या जनगणनेत त्या देशात १,८२,७२१ लोकांनी स्वतःची नोंद सामोअन म्हणून केली. ऑकलंडच्या उपनगरांतील घरांच्या मोटारखान्यांत चटया अंथरून पेआ ठोकल्या जाऊ लागल्या. सुआ सुलुआपे पाउलो (द्वितीय) हे तेथील अग्रगण्य तुफुंगा; १९९९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस टोनी फोमिसन या गोऱ्या चित्रकाराला पेआ दिली आणि वाद पेटला : जो कोणाचीही ताउतुआ करीत नाही, ज्याला सामोअन कुटुंब नाही, त्याने ही वर्दी कशी घालावी? दुसरी बाजू अशी की फोमिसन यांनी ती शेवटपर्यंत सोसली, पूर्ण केली, आणि सामोअन मित्रपरिवारात ते वावरत राहिले. मला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. पण वाद ज्या मुद्द्यावर झाला तो मुद्दा बरोबर होता. ‘याला या चिन्हांचा अर्थ कळतो का’ असे कोणी विचारले नाही. ‘हा कोणाचा आहे’ असे विचारले. याउलट २०१३ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने स्त्रियांच्या व्यायामाच्या तंग विजारींवर पेआची नक्षी छापली. पुरुषांची पेआ स्त्रियांच्या अंगी चढवलेली, वेदनेवाचून, कुटुंबावाचून, आणि रात्री उतरवून ठेवता येणारी. निषेध झाल्यावर माल मागे घेण्यात आला आणि कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. १७२२ मध्ये डचांना गोंदण वस्त्र वाटले होते. येथे ते खरोखरीच वस्त्र करून विकायला काढले गेले, आणि नेसण्याचा अर्थ तेवढा गळून पडला.

अनुवादाचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तो या लेखाचे निमित्त होता. फिगेल यांच्या कादंबरीतील काही भाग वर्गासाठी मराठीत आणताना ‘ताताऊ’ला ‘गोंदण’ म्हणावे की नाही, यावर बराच काळ अडलो. आपले गोंदण म्हणजे कपाळावरचा ठिपका, हातावरचे तुळशीवृंदावन, नवऱ्याचे नाव. दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर जाते, ही आपल्याकडील समजूत. शांता शेळके यांच्या एका कवितासंग्रहाचे नावच ‘गोंदण’ आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाभोवती आठवणीचे, न पुसल्या जाणाऱ्या हळव्या खुणेचे वलय आहे. ते वलय सामोअन शब्दाला नाही. तेथे खूण पुसली जात नाही हे गृहीतच. चिंता असते ती खूण पुरी होण्याची. अखेरीस क्रियापद मराठी ठेवले आणि नाम सामोअन : ‘ती मालू गोंदवून घेत होती’. नातीचे नाव आणि आजीच्या मांडीवरचे अपुरे काम यांच्यासाठी कादंबरीत एकच शब्द आहे. तो मराठीतही एकच राहावा म्हणून ‘निवारा’ हा अर्थ पहिल्या प्रकरणात एकदाच, संवादाच्या ओघात घातला आणि नंतर कोठेही दिला नाही. ‘पेआ मुतू’पाशी मात्र अजून अडलेलो आहे. ‘तुटकी पेआ’ हास्यास्पद वाटते आणि ‘अपुरे गोंदण’ फार सौम्य. एका विद्यार्थिनीने ‘अर्धी नेसलेली’ असे सुचवले. सध्याच्या मसुद्यात तेच ठेवले आहे.